नीळ, डांबर आणि एक इलेक्ट्रॉन

सोलापूरचें नांव चादरीमुळें देशभर झालें, हें सर्वश्रुत आहे. परंतु तिच्या विणीची जितकी वाखाणणी होते, तितकी तिच्या रंगाची विचारपूस होत नाहीं. भवानी पेठेसारख्या पेठांत तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं माग मांडले, १८७७ च्या सुमारास शहरांत पहिली कापडगिरणी निघाली, आणि त्याच काळांत आलाच्या मुळीचा व निळीचा शेंकडों वर्षांचा अधिकार संपुष्टांत येऊं लागला. त्यांची जागा घेणारे रंग दगडी कोळशाच्या डांबरांतून निघाले होते.

या रंगांच्या घराण्याचा मूळपुरुष बेंझीन. फॅरडेनें तें १८२५ सालीं वेगळें काढलें. सहा कार्बन-अणूंच्या कड्याची त्याची घडण १८६५ सालीं केकुलेनें सुचविली. कड्यावरील एका हायड्रोजनच्या जागीं अमिनो-गट बसला, कीं अ‍ॅनिलिन होतें. १८२६ सालीं तें प्रथम मिळालें तें निळीपासूनच, आणि त्याचें नांवही आपल्याच ‘नील’ शब्दाचें, परदेशांतून फिरून आलेलें रूप आहे. १८५६ सालीं अठरा वर्षांचा पर्किन क्विनाईन करावयास गेला, आणि अ‍ॅनिलिनपासून जांभळा रंग घेऊन परतला. १८६३ सालीं लाइटफूटनें सुताच्या तंतूंतच अ‍ॅनिलिनचें ऑक्सिडीकरण करून पक्का काळा रंग साधला.

नवल असें कीं, शुद्ध अ‍ॅनिलिनला स्वतःचा रंगच नाहीं. मग तो येतो कोठून? अमिनो-गट कड्याला इलेक्ट्रॉनांनीं सधन करतो, म्हणून ऑक्सिडीकारकास तेथून एक इलेक्ट्रॉन सहज काढतां येतो. उरतो तो धनभारित मूलक. त्यांतील एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना राहिलेला असतो. अ‍ॅनिलिनचे असे मूलक क्षणांत एकमेकांशीं जुळून लांब सांखळ्या बनतात, आणि तंतूंत अडकलेल्या त्या सांखळ्या म्हणजेच तो न विरघळणारा काळा रंग. वूर्स्टरनें १८७९ सालीं दुसऱ्या एका अमीनापासून मिळविलेल्या निळ्या क्षारांतील मूलक मात्र टिकाऊ निघाला. तो पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतो, म्हणून निळा दिसतो. तो खरोखरच मूलक आहे, हें मायकेलिसच्या १९३० नंतरच्या प्रयोगांनीं स्पष्ट झालें. रंगाऱ्याच्या हाताला जें साधलें होतें, त्याचा अर्थ पंडितांस कळावयास असें अर्धशतक लागलें.

हा विलंब क्षम्य म्हणतां येईल. दुसरा मात्र नाहीं. जीं अमीनें रंगांस जन्म देतात, त्यांपैकीं कांहींचें शरीरांतही ऑक्सिडीकरण होतें, आणि त्यांतून निघालेले पदार्थ पेशींतील जननद्रव्यास चिकटतात. १८९५ सालीं जर्मन शल्यवैद्य रेन यांनीं रंगाच्या कारखान्यांतील कामगारांच्या मूत्राशयांत अर्बुदें आढळल्याचें सांगितलें. पुढें बेंझिडीन हें मुख्य अपराध्यांपैकीं एक ठरलें. तरी घातक अमीनें सोडणारे अ‍ॅझो रंग कापडांतून हद्दपार करण्याचा कायदा जर्मनींत झाला तो १९९४ सालीं, आणि भारत सरकारनें सत्तर अ‍ॅझो रंग निषिद्ध केले ते १९९७ सालीं. पहिल्या इशाऱ्यापासून येथपर्यंत यावयास जवळजवळ शतक गेलें.

रंग जात नाहीं म्हणून गिऱ्हाईक चादरीचें कौतुक करतें. तो रंग ज्याच्या हातून चढतो, त्याच्या देहाचीही तितकीच काळजी वाहिली जावी, एवढेंच हा इतिहास आपणांस सांगतो.