अंजदीवचे गोडे पाणी

आम्ही कुर्डुवाडीची माणसे. आगगाडीचे रूळ आमच्या दारात, समुद्र मात्र फार दूर; आणि पाण्याची किंमत आम्हांस दर उन्हाळा शिकवतो. म्हणूनच अंजदीव बेटाचा इतिहास वाचताना आमचे लक्ष तटबुरुजांआधी तेथील झऱ्याकडे गेले.

कारवारच्या दक्षिणेस, बिणग्याच्या किनाऱ्यासमोर सुमारे दोन किलोमीटरवर हे बेट आहे. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, रुंदी तर फारच थोडी. समोरचा किनारा कर्नाटकाचा, तरी बेट गोव्याच्या काणकोण तालुक्यात मोडते. खाऱ्या दर्यातील या खडकावर गोडे पाणी मिळे आणि गलबतांना आडोसाही लाभे. बेटाचे भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही त्यातूनच उद्भवले.

1498 साली परतीच्या वाटेवर वास्को द गामा येथे पाणी भरण्यास थांबला, तेव्हा त्याच्या माणसांना दगडी बांधणीचे तळे व पडके देवालय दिसले. येथील आर्यादुर्गा देवी पुढे अंकोल्यास नेली गेली, अशी परंपरा आहे. ख्रिस्ती वाचकांनीही ही गोष्ट विसरू नये. 1500 साली काब्रालच्या ताफ्याबरोबर आलेल्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी येथे मिस्सा अर्पण केली. 1505 मध्ये आल्मेदाने किल्ला उभारला खरा, परंतु विजापूरकरांच्या आरमाराने हल्ला करताच पोर्तुगीजांनी तो लवकरच सोडून दिला. आपल्या सोलापुरावर पुढे ज्या आदिलशाहीचा अंमल बसला, तीच ही विजापूरची सत्ता.

सर्वांत करुण कथा इंग्रजांची. विवाहाच्या तहान्वये मुंबई इंग्लंडच्या राजास मिळाली होती. पण 1662 मध्ये तिचा ताबा घेण्यास आलेल्या सैनिकांना पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी ती देण्याचे नाकारले. सर अब्राहम शिपमन आपल्या चार तुकड्यांनिशी या बेटावर उतरले आणि वाट पाहत राहिले. दोन पावसाळे रोगराईत गेले. शिपमन 1664 मध्ये तेथेच वारले. 1665 साली मुंबई हाती आली, तेव्हा शंभराच्या आसपासच माणसे उरली होती. मुंबईच्या इतिहासात या मृतांना एखादी ओळ मिळते, इतकेच.

छत्रपती संभाजी महाराज बेटावर किल्ला बांधू पाहतात हे कळताच पोर्तुगीजांनी 1682 मध्ये घाईने तट बांधला. तेथील मंदिर 'नोसा सेन्योरा दास ब्रोतास' या नावाचे. भाविक तिला झऱ्यांची माता म्हणतात. तहानलेल्या खलाशांच्या बेटावर हे नाव आम्हांस फार उचित वाटते. पुढे हे बेट कैद्यांच्या हद्दपारीचे ठिकाणही झाले. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी ते घेताना भारताचे 7 नौसैनिक धारातीर्थी पडले.

ग्रीसच्या पात्मोस बेटावर संत योहानाला हद्दपार करण्यात आले होते. आज तेथे यात्रेकरू व प्रवासी बोटींनी जातात, त्याची गुहा पाहतात. अंजदीवलाही फेब्रुवारीत मातेच्या आणि ऑक्टोबरात संत फ्रान्सिसच्या सणाला होड्या भरभरून जात. पुढे नौदलाचा तळ झाला, बेट बांधाने मुख्य भूमीस जोडले गेले आणि सामान्यांस प्रवेश बंद झाला. देशाच्या संरक्षणाची निकड आम्ही जाणतो; त्या 7 जवानांचे रक्तही तेथेच सांडले आहे. तरीही वर्षातून एक दिवस, ओळखपत्रे तपासून, मोजक्या भाविकांना तेथे मिस्सेस जाऊ देणे अशक्य असेल असे आम्हांस वाटत नाही.

कुर्डुवाडीहून पंढरपूर, मिरज, लोंढा, मडगाव करीत रेल्वेने कारवार गाठता येते. राहतात ती शेवटची दोन किलोमीटर.