विभाजनातील अपुरी जागा आणि संचालन प्रणालीचे अद्यतन

संगणकाच्या संचालन प्रणालीचे, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिमचे, अद्यतन होण्यासाठी डिस्कच्या संबंधित विभाजनात (पार्टिशनमध्ये) पुरेशी मोकळी जागा असावी लागते. ती नसल्यास अद्यतन अर्ध्यावर थांबते किंवा आपोआप मागे घेतले जाते. हा दोष विंडोज, लिनक्स, मॅकओएस आणि अँड्रॉइड या सर्व प्रमुख प्रणालींत आढळतो. जागा नेहमी मुख्य ड्राइव्हमध्येच कमी पडते असे नाही. अनेकदा ती संगणक सुरू करण्यासाठी किंवा दुरुस्तीसाठी राखून ठेवलेल्या लहान, लपलेल्या विभाजनात कमी पडते. अशा वेळी मुख्य ड्राइव्हवरील छायाचित्रे वा दस्तऐवज पुसून उपयोग होत नाही. सुरक्षेतील त्रुटी अद्यतनांद्वारेच दूर केल्या जात असल्याने दोष दुर्लक्षित राहिल्यास संगणक असुरक्षित राहतो.

कारणे

अद्यतन करताना नव्या फाइली उतरवणे, त्या उलगडणे आणि अपयश आल्यास परत फिरता यावे म्हणून जुन्या फाइली जपणे ही तिन्ही कामे एकाच वेळी चालतात. त्यामुळे उतरवलेल्या फाइलीच्या आकारापेक्षा कितीतरी अधिक जागा तात्पुरती लागते. लपलेल्या विभाजनांचा आकार मात्र प्रणाली प्रथम स्थापित करतानाच ठरतो आणि पुढे आपोआप वाढत नाही. पुढील आवृत्त्यांच्या फाइली मोठ्या होत गेल्या की जुने विभाजन अपुरे पडते.

विंडोज

युईएफआय पद्धतीच्या संगणकात विंडोज सामान्यतः चार विभाजने करते : १०० एमबीचे ईएफआय विभाजन, मायक्रोसॉफ्टचे राखीव विभाजन, मुख्य सी ड्राइव्ह आणि पुनर्प्राप्ती विभाजन. यांपैकी फक्त सी ड्राइव्ह फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतो. ईएफआय आणि पुनर्प्राप्ती विभाजनांचे आकार 'डिस्क मॅनेजमेंट' या साधनात पाहता येतात.

सी ड्राइव्ह भरला असल्यास 'डिस्क क्लीनअप' किंवा सेटिंग्जमधील 'स्टोरेज' विभागातून तात्पुरत्या फाइली आणि विंडोजची मागील आवृत्ती काढता येते. मागील आवृत्ती काढल्यावर तिच्याकडे परतण्याचा मार्ग बंद होतो. विंडोजच्या घटकांचा साठा असलेले 'विनएसएक्सएस' फोल्डर आकाराने मोठे दिसले तरी ते हाताने पुसल्यास प्रणाली निकामी होऊ शकते.

'सिस्टिम राखीव विभाजन अद्ययावत करता आले नाही' अशा अर्थाचा संदेश आल्यास दोष ईएफआय किंवा राखीव विभाजनात असतो. काही सुरक्षा सॉफ्टवेअर या विभाजनात स्वतःच्या फाइली लिहितात, त्यामुळेही ते भरते. संगणक सुरू होताना वापरले जाणारे तेथील फॉन्ट काढून जागा मोकळी करण्याचा उपाय मायक्रोसॉफ्टने सुचवला आहे. त्याच ठिकाणच्या इतर फाइली संगणक सुरू होण्यासाठी आवश्यक असल्याने त्यांना हात लावू नये.

जानेवारी २०२४ मधील अद्यतन

९ जानेवारी २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी केबी ५०३४४४१ हे अद्यतन प्रसृत केले. संगणक प्रत्यक्ष हाती असलेल्या व्यक्तीला बिटलॉकरचे कूटबद्धीकरण टाळून माहितीपर्यंत पोहोचता येईल, अशी त्रुटी त्यातून दूर होणार होती. त्यासाठी पुनर्प्राप्ती विभाजनात २५० एमबी मोकळी जागा आवश्यक होती. अनेक संगणकांत ती नसल्याने अद्यतन वारंवार फसले. त्रुटीचा क्रमांक ०एक्स८००७०६४३ असा सर्वसाधारण अपयशाचा दाखवला जात होता. जागा कमी असल्याचा उल्लेख त्यात नव्हता. त्यामुळे खरे कारण अनेकांच्या ध्यानात आले नाही.

मायक्रोसॉफ्टच्या उपायानुसार पुनर्प्राप्ती व्यवस्था तात्पुरती बंद करावी, सी ड्राइव्ह २५० एमबीने लहान करावा, जुने पुनर्प्राप्ती विभाजन काढून अधिक मोठे तयार करावे आणि व्यवस्था पुन्हा सुरू करावी. ही कामे आज्ञावलीतून करावी लागत असल्याने सामान्य वापरकर्त्याला अवघड होती. या दोषावर स्वयंचलित उपाय दिला जाणार नाही, असे कंपनीने नंतर स्पष्ट केले.

लिनक्स

लिनक्समध्ये स्वतंत्र 'बूट' विभाजन असल्यास कर्नलच्या जुन्या आवृत्त्या साचून ते भरते. 'डीएफ' या आज्ञेने प्रत्येक विभाजनातील मोकळी जागा कळते. उबुंटू, डेबियन आणि सी-डॅकने विकसित केलेली, डेबियनवर आधारलेली 'बॉस' यांत 'एपीटी ऑटोरिमूव्ह' ही आज्ञा अनावश्यक कर्नल काढते. त्यापूर्वी सध्या चालू असलेला कर्नल 'युनेम' आज्ञेने पाहावा. तो काढू नये. फेडोरा सामान्यतः शेवटचे तीन कर्नलच ठेवते. कधी जागा शिल्लक दिसूनही 'जागा नाही' असा संदेश येतो. तेव्हा फाइलींची नोंद ठेवणारे आयनोड संपलेले असू शकतात.

मॅकओएस आणि अँड्रॉइड

मॅकओएस बिग सरच्या सुरुवातीच्या इन्स्टॉलरमध्ये मोकळ्या जागेची तपासणी नीट होत नव्हती. सिएरा किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवरून येताना ३५.५ जीबी जागा लागत असे. ती नसतानाही स्थापना सुरू होऊन अर्ध्यावर अडकत असे आणि माहिती गमावण्याचा धोका निर्माण होई. फेब्रुवारी २०२१ मध्ये ११.२.१ या आवृत्तीच्या सुधारित इन्स्टॉलरने हा दोष दूर केला.

अँड्रॉइड ७.० पासून प्रणालीच्या विभाजनांच्या दोन प्रती ठेवण्याची सोय आली. एका प्रतीवर फोन चालू असताना दुसरीवर अद्यतन होते. अँड्रॉइड ११ मधील सुधारित पद्धतीत यासाठी वापरकर्त्याच्या साठ्यातील जागाही तात्पुरती वापरली जाते.

खबरदारी

विभाजनाचा आकार बदलताना वीज गेली किंवा चुकीचे विभाजन निवडले गेले तर सर्व माहिती नष्ट होऊ शकते. म्हणून महत्त्वाच्या फाइलींची प्रत आधी बाह्य डिस्कवर घ्यावी. लॅपटॉप वीजपुरवठ्याला जोडलेला ठेवावा. बिटलॉकर चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून, संगणकाबाहेर जपून ठेवावी. ती नसल्यास कूटबद्ध माहिती मालकालाही उघडता येत नाही.

हे सुद्धा पहा

* संचालन प्रणाली
* हार्ड डिस्क
* लिनक्स कर्नल
* मायक्रोसॉफ्ट विंडोज