तलवारीवरून तंबोऱ्यावर

इअरफोन लावलेत? मग आधी एक काम करा. फोनमध्ये तानपुऱ्याचं अ‍ॅप असेल तर उघडा, नसेल तर यूट्यूबवर लावा, आणि दहा सेकंद नुसतं ऐका. त्या आवाजाला एक झणझणीत कड आहे बघा, मधमाशांचं पोळं जवळ असल्यासारखी. ती कड कुठून येते? तळहातावर मावेल अशा एका तुकड्यावर कोणीतरी कानस चालवलेली असते, तिथून. आजचा एपिसोड त्या कानशीचा आहे.

विषय निघाला तो आमच्या मुलुंडच्या ग्रुपवर. ओळखीतल्या तीन-चार जणांना सध्या सुतारकामाचा नाद लागलाय. वन बीएचकेच्या बाल्कनीत रंधा, करवत, पटाशी, सगळा संसार मांडलाय. दुपारी दोन ते चार ड्रिल बंद, कारण सोसायटी. सगळ्यांचा प्रश्न एकच: शिकवणारं कोणी नाही, घरीच करतोय, चुकत-माकत लाकडाचं काम खरंच येतं का?

याचं उत्तर मला इतिहासात सापडलं, आणि ते ओशिवऱ्याच्या फर्निचर मार्केटमध्ये नाही, मिरजेत आहे. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं, पहाटे मिरजेत उतरायचं. तिथे मीरासाहेबांच्या दर्ग्याजवळ सतारमेकर गल्ली आहे. बोळात दोन्ही बाजूंना दुकानं, दारात भले मोठे वाळलेले भोपळे, आत कोणीतरी मांडीवर दांडी घेऊन घासत बसलेलं. सतार आणि तंबोरा म्हटलं की देशभरातले गवई हे गाव सांगतात. गंमत म्हणजे या घराण्यांचे पूर्वज सुतार नव्हते. ते होते शिकलगार, म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार आणि झिलई देणारे.

१८१८ साली पेशवाई संपली. पलटणी गेल्या, सरदारांचे पागे रिकामे झाले. पुढे तर १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगणंच बंद झालं. आता धार लावणाऱ्यानं खायचं काय? आपण ‘स्किल्स आउटडेटेड होणं’ म्हणतो ना, ते हेच. फरक एवढाच की यांना नोटीस पीरियड नव्हता.

त्याच काळात मिरज संस्थानच्या पटवर्धनांकडे गाण्याला आश्रय होता. उत्तरेकडून गवई-वादक यायचे, त्यांची वाद्यंही उत्तरेकडचीच. आता वाद्य म्हणजे भोपळा आणि पातळ लाकूड. प्रवासात फुटायचंच. मग दुरुस्तीसाठी पुन्हा उत्तरेला पाठवा, महिनोन्‌महिने वाट बघा. मिरजेत सांगतात ती हकीकत अशी: साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराकडे अशी मोडलेली वाद्यं दुरुस्तीला दिली गेली. हाताला बारकावा आहे, बघ जमतंय का, असं. त्यानं ती उघडली, पाहिली, जोडली. दुरुस्ती करता करता एक दिवस नवीन वाद्य बनवलं. मग मुलं, पुतणे, शेजारी, आणि हळूहळू अख्खी गल्ली. काही घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं.

मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहून सोडलेला कोड वाचतो, म्हणून असेल, पण या हकीकतीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो क्रम. आधी दुरुस्ती, मग निर्मिती. मोडलेली वस्तू आतून दिसते. अखंड तंबोरा तुम्हाला काहीच सांगत नाही. फुटलेला सांगतो की तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरची लाकडी फळी, किती पातळ आहे, मध्ये किती फुगीर आहे, दांडी भोपळ्याला कुठे आणि कशी चिकटवली आहे. डॉक्युमेंटेशन नाही, व्हिडिओ नाही, उस्ताद शेकडो कोस दूर. पण समोर एक चाललेलं आणि मग बिघडलेलं मॉडेल आहे. याला काही कोणी शून्यातून शिकणं म्हणणार नाही.

सामान मात्र त्यांना आपलं आपणच शोधावं लागलं. भोपळा आला भीमेकाठून, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं. तो भाजीचा भोपळा नाही, कडू जातीचा, जाड सालीचा, आणि वेलावर असल्यापासूनच त्याच्या आकारावर लक्ष ठेवतात. मग महिनोन्‌महिने वाळवायचा, कापायचा, पाण्यात भिजवून आतला गर खरवडायचा, आणि आतून बांबूच्या काड्यांचा ताण देऊन हवा तो आकार येईपर्यंत ठेवायचा. लाकूड तुणाचं. वजनाला हलकं, रंगाला तांबूस, आणि चांगलं मुरलेलं असेल तर सहसा वाकत नाही. यातली प्रत्येक गोष्ट चुकायला जागा आहे, आणि चूक कळायला कधी कधी वर्ष लागतं. कच्च्या लाकडाची दांडी आज सरळ असते, पुढच्या पावसाळ्यात नसते.

आता येतो तो तुकडा. तबलीवर तारा ज्याच्यावरून जातात ती घोडी. पूर्वी हस्तिदंताची असायची, आता हाड, लाकूड किंवा कृत्रिम पदार्थाची असते. गिटारवर तार एका धारदार कडेवर टेकते आणि विषय संपतो. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा मात्र रुंद असतो, अगदी किंचित उताराचा. तार कंप पावताना त्या उताराला घासत राहते. मध्ये एक सुती दोरा सरकवला की आवाज उघडतो. या सगळ्याला म्हणतात जवारी, आणि तो उतार घासून आणणं म्हणजे जवारी काढणं. किती घासायचं? याला माप नाही. दोन फटके मारायचे, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा दोन फटके. एक फटका जास्त झाला की उलट्या बाजूनं सगळं परत. शुद्ध ट्रायल अँड एरर.

१९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर एक शोधनिबंध लिहिला. नियम असा होता की तार जिथे छेडतो, तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो तो उपस्वर ऐकू येता कामा नये. तंबोऱ्यात तो येतो! कारण घोडी. इंजिनिअरिंगला फिजिक्समध्ये हे कोणी शिकवलं नाही याचा मला अजून राग आहे. मुद्दा असा की रामन यांनी कारण शोधलं तोवर मिरजेतल्या दोन-तीन पिढ्या कानावर भरवसा ठेवून ते रोज करत होत्या. आणि माझा अंदाज असा की हे त्यांना जमलं त्यात शिकलगारीचा मोठा वाटा होता. पात्याचा पृष्ठभाग बोटानं वाचणाऱ्या माणसाला केसाएवढा उतार कळतो. त्यांचा धंदा बुडाला, हात बुडाले नाहीत.

पण थांबा, फक्त हात पुरले असते का? माझ्या मते नाही. चूक झाली हे कोणीतरी सांगावं लागतं. मिरजेत ते सांगणारे गल्लीच्या टोकाशी होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेत राहिले, विष्णु दिगंबर पलुस्कर तिथेच त्यांच्याकडे शिकले. पुढे किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये ते गेले, त्यांची कबर मीरासाहेब दर्ग्याच्या आवारातच आहे, आणि उरुसात दरवर्षी तिथे गाणं होतं. असे कान गिऱ्हाईक म्हणून दारात असले की ‘चालेल’ हा शब्दच बाद होतो. पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईला. गाणं दरबारातून वर्गात आलं, आणि वर्ग म्हटला की तंबोरा लागतोच.

ही गोष्ट फार गोड करून सांगतात, ते मला पटत नाही. आपण बाल्कनीत फळी वाया घालवली तर हजार रुपये जातात आणि एक मीम तयार होतो. त्यांची फळी वाया गेली तर चूल थांबत होती. छंद म्हणून चुकणं आणि पोटासाठी चुकणं यांना एकाच शब्दानं ओळखणं बरोबर नाही.

आणि धंदा पुन्हा एकदा हलतोय. १९७९ मध्ये बेंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला, आता तो खिशातल्या फोनमध्ये आहे. मघाशी तुम्ही जे ऐकलंत ते बहुतेक रेकॉर्डिंगच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं, चांगलं झालं. दुसऱ्या कोणाला आता मिरजेचं नाव लावून वाद्य विकता येणार नाही. पण मानांकनानं नातू दिवसभर मांडी घालून घासायला बसेलच असं नाही.

तर मुलुंडच्या मित्रांनो, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: येतं. पण नवं टेबल करायला घेऊ नका. भंगारवाल्याकडून एक डुगडुगणारं जुनं स्टूल आणा, सांधे सोडवा, कुठे काय बसवलंय ते बघा, परत जोडा. मग त्यावर अशा कोणाला तरी बसवा जो तुमचं मन राखणार नाही. घरात आजी असेल तर उत्तम.

आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाच्या माळ्यावर गवसणीत गुंडाळलेला जुना तंबोरा पडून असेल तर तो खाली काढा. तारा गेल्या असतील, हरकत नाही. घोडीचा जवळून एक फोटो काढून पाठवा. तारांनी पाडलेले चरे दिसतात का, ते मला बघायचंय.