सर्रा

साल 1880. तुम्ही सिंधूकाठच्या डेरा इस्माईल खानच्या लष्करी तळावर आहात. घोडे, उंट दिवसेंदिवस खंगत चाललेत. ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. पाय सुजतात आणि एक दिवस जनावर कोसळतं. लोक या रोगाला सर्रा म्हणतात. पशुवैद्य ग्रिफिथ इव्हान्स तुम्हाला सूक्ष्मदर्शकापाशी बोलावतात. रक्ताच्या थेंबात तांबड्या पेशींना ढुशा देत एक सडपातळ जीव वळवळतोय. एवढासा जंतू घोडा मारतो, हे वरिष्ठांना पटत नाही.

आता 1916 च्या सुमारास जर्मनीत या. रंग बनवणाऱ्या बायर कंपनीचे रसायनशास्त्रज्ञ अशा जंतूंवरच्या औषधासाठी एकामागून एक संयुगं तपासताहेत. त्यांतून ‘बायर 205’ हाती लागतं. तेच सुरामिन.

मग एकदम 2004, नागपूर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला पाच महिने ताप येतोय-जातोय. तुम्ही वैद्यकीय महाविद्यालयात त्याच्या रक्ताची काच पाहताय. नजर हिवतापाचा जंतू शोधते आणि दिसतो तो इव्हान्सनी दाखवलेला. जनावरांचा सर्रा माणसाला! चावऱ्या माश्या हा जंतू एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. माणसाच्या रक्तातलं एपीओएल-1 हे प्रथिन त्याला फोडून मारतं. या माणसाच्या रक्तात नेमकं तेच नव्हतं, हे ब्रुसेल्सच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. त्याला वाचवलं कशानं? जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वीच्या सुरामिननं, शिरेतून देऊन. माणूस बरा झाला याचा आनंद मोठा आहे, पण मधल्या नऊ दशकांत याहून सोपं औषध त्याच्यासाठी तयार झालं नाही, हे मला सलतं.

नवं औषध बनतच नाही, असं मात्र नाही. 2018 मध्ये या. याच जंतूच्या भाईबंदांमुळे होणाऱ्या आफ्रिकेतल्या निद्रारोगावरच्या फेक्सिनिडाझोलला युरोपीय औषध संस्थेनं अनुकूल मत दिलंय: दहा दिवस गोळ्या, बस्स. एके काळी मेंदूपर्यंत पोचलेल्या रोगावर आर्सेनिकयुक्त मेलार्सोप्रॉल टोचत आणि ते घेणाऱ्या शंभरातले पाचेक रुग्ण औषधानंच दगावत. फेक्सिनिडाझोलचा रेणू तो बनवणाऱ्या कंपनीनं केव्हाच बाजूला टाकलेला होता. डीएनडीआय या ना-नफा संस्थेनं तो पुन्हा हाती घेतला. गरिबांच्या रोगाला औषध मिळतं ते असं, कुणीतरी हट्ट धरला तर. सर्ऱ्यासाठी तसा हट्ट अजून कुणी धरलेला मला दिसत नाही. गोठ्यात आजही क्विनापायरामीनसारखी विसाव्या शतकाच्या मध्यातली औषधं टोचली जातात.

म्हणून गावोगावच्या डॉक्टरांना विनंती आहे: हिवताप निघत नाही आणि ताप हटत नाही, तर घरी गुरं आहेत का एवढं विचारा आणि रक्ताची काच स्वतः पाहा.