बॅकस्पेस दाबलं तर मागचं पान येत नाही? ती सोय परत चालू कशी करायची, आणि कुठे करू नये

केंद्रात जुना कॉम्प्युटर जाऊन नवा आला की ही तक्रार हमखास ऐकू येते. बॅकस्पेस दाबलं तरी ब्राउझर मागच्या पानावर जात नाही, कीबोर्ड बदलून द्या. कीबोर्ड बदलू नका, बटण चांगलं आहे. ब्राउझर बनवणाऱ्यांनीच ती सोय काढून टाकली आहे. गुगल क्रोममधून ती २०१६ साली ५२ व्या आवृत्तीत गेली, आणि फायरफॉक्समधून मार्च २०२१ मध्ये ८७ व्या आवृत्तीत.

ज्यांनी नेटकॅफेत इंटरनेट एक्सप्लोररवर कॉम्प्युटर शिकला त्यांच्या बोटाला ही सवय पक्की बसलेली आहे. माऊस अडकत असला, नाही तर चालतच नसला, तरी बॅकस्पेसवर काम भागायचं. निकाल बघा, मागे या, दुसरा नंबर टाका. त्यामुळे सोय गेल्यावर चिडचिड झाली, ती खरीच होती.

पण काढली का, तेही समजून घ्या. बॅकस्पेसला दोन कामं दिलेली होती. कर्सर लिहायच्या चौकटीत असेल तर एक अक्षर पुसायचं, आणि चौकटीच्या बाहेर असेल तर मागच्या पानावर जायचं. आता अर्ज भरताना कर्सर चौकटीतून कधी निसटतो ते कळत नाही. हाताचा धक्का टचपॅडला लागतो, किंवा आपण तालुका निवडायच्या यादीवर नाही तर टिकमार्कच्या चौकोनावर असतो. आपल्याला वाटतं आकडा पुसतोय, आणि पान मागे निघून जातं. भरलेलं सगळं साफ.

माझं स्वतःचं असं झालेलं आहे. शेजारच्या काकांचा एका योजनेचा अर्ज भरत होतो. गट नंबर, क्षेत्र, बँकेचा खाते नंबर सगळं टाकून झालं होतं. खात्याचा एक आकडा चुकला म्हणून बॅकस्पेस दाबलं, तर एकदम पहिलं पान. काका म्हणाले, "झालं का रे?" त्यांना काय सांगणार. परत सगळं भरायला घेतलं तोवर लाईट गेली.

मराठीत टाईप करणाऱ्याला हा धोका जास्तच. 'क्षेत्र' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण कॉम्प्युटरच्या हिशेबात त्यात क, पाय मोडायचं चिन्ह, ष, मात्रा असे सात तुकडे आहेत. बहुतेक ठिकाणी तो पुसायला बॅकस्पेस सात वेळा दाबावं लागतं. जितक्या वेळा दाबणार तितकी चूक होण्याची संधी.

क्रोम बनवणाऱ्यांनी तेव्हा मोजणी केली होती. दर १० हजार पानांमागे साधारण ४ वेळा लोक बॅकस्पेसने मागे जात होते. अर्जात काही भरल्यानंतर असं मागे जाणं १ लाख पानांमागे ५ वेळा होत होतं. आकडा लहान वाटतो, पण ज्याचा अर्ज जातो त्याचा पूर्ण जातो. म्हणून त्यांनी ते काम ऑल्ट आणि डावा बाण या जोडीला ठेवलं.

तरीही ज्याला जुनी सोय पाहिजे त्याला ती मिळते.

फायरफॉक्समध्ये काम सोपं आहे, बाहेरचं काही घ्यावं लागत नाही. वर पत्ता टाकायच्या पट्टीत इंग्रजीत 'अबाउट', मग कोलन, मग 'कॉन्फिग' लिहा. मध्ये जागा सोडायची नाही. कॉन्फिगचं स्पेलिंग सी, ओ, एन, एफ, आय, जी एवढंच. एंटर दाबलं की सावधगिरीची सूचना येते, ती स्वीकारून पुढे जा. शोधायची चौकट येईल, त्यात इंग्रजीत फक्त 'बॅकस्पेस' लिहा. 'ब्राउझर, डॉट, बॅकस्पेस, अंडरस्कोर, ॲक्शन' अशा नावाची ओळ दिसेल. तिच्यापुढे २ आकडा असतो, म्हणजे काहीच करू नको. पेन्सिलीच्या चिन्हावर क्लिक करून तिथे ० टाका आणि बरोबरची खूण दाबा. झालं. आता बॅकस्पेसने पान मागे जाईल आणि शिफ्टसोबत दाबलं तर पुढे. १ टाकला तर पान मागे न जाता वर सरकतं, तो आपल्या कामाचा नाही. त्या यादीतल्या दुसऱ्या कुठल्याही ओळीला मात्र हात लावू नका.

क्रोममध्ये अशी आतली सेटिंग नाही. तिथे एक्स्टेन्शन म्हणजे वरून जोडायची छोटी सोय घ्यावी लागते. क्रोमच्या वेब स्टोअरमध्ये 'बॅकस्पेस' शोधलं की मिळतात. एजवरही ती चालतात. पण इथे थांबून वाचा. असं एक्स्टेन्शन साधारणपणे 'सर्व वेबसाइटवरची माहिती वाचण्याची आणि बदलण्याची' परवानगी मागतं. प्रत्येक पानावर बटण पकडायचं तर त्याला ती लागणारच. पण त्याच ब्राउझरवर तुम्ही लोकांचे आधार नंबर आणि बँकेचे व्यवहार करत असाल, तर कोणाचं काय जोडताय याचा विचार करा. मी स्वतः केंद्राच्या कॉम्प्युटरवर असलं काही टाकणार नाही. मागे जायला क्रोमवर ऑल्ट आणि डावा बाण वापरावा, आठवड्यात हाताला सवय होते.

घरी बातम्या, बाजारभाव बघायला कॉम्प्युटर असेल तर फायरफॉक्समध्ये खुशाल ० टाका. एका हाताने काम करणाऱ्याला दोन बटणं एकदम दाबणं जड जातं, त्याच्यासाठी तर ही सोय उपयोगाचीच आहे. पण जिथे रोज दुसऱ्यांचे अर्ज भरले जातात तिथे २ आहे तो २ राहू द्या.

कधी पान मागे गेलंच तर घाबरून इकडेतिकडे क्लिक करू नका. लगेच ऑल्ट आणि उजवा बाण दाबा. भरलेलं कधी कधी जसंच्या तसं परत दिसतं, प्रत्येक वेबसाइटवर नाही. आणि फायरफॉक्समध्ये बदललेली सेटिंग नको झाली तर त्याच ओळीच्या शेवटी वळलेल्या बाणाचं चिन्ह असतं. ते दाबलं की आकडा परत २ वर येतो.