मालवणी पॅटर्न

मुंबईच्या राजकारणातला एक शब्दप्रयोग. मालाड पश्चिमेच्या मालवणीतून मुसलमान रहिवासी हिंदूंना, विशेषतः दलित कुटुंबांना, ठरवून हुसकावत आहेत, असा आरोप या दोन शब्दांत सामावलेला आहे. भारतीय जनता पक्षाचे तेव्हाचे मुंबई अध्यक्ष मंगलप्रभात लोढा यांनी २०२१ च्या मार्चमध्ये तो विधानसभेत मांडला आणि पुढे तो प्रचारात रुळला. त्यांचा रोख काँग्रेसचे मालाड पश्चिमचे आमदार व तेव्हाचे मंत्री अस्लम शेख यांच्यावर होता. शेख यांनी आरोप फेटाळला. सिंधुदुर्गातल्या मालवणी बोलीशी वा जेवणाशी या मालवणीचा संबंध नाही.

वस्ती कशी झाली : मार्वे, मढ, एरंगळ, खारोडी, ओर्लेम या पट्ट्यातले मालवणी हे जुने गाव. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती ही पट्ट्यातली जुनी माणसे. पुढची सगळी दाटी बाहेरून आली आणि तिच्यातला मोठा वाटा सरकारनेच आणला. शहरातल्या झोपड्या उठवायच्या आणि माणसे खाडीकाठच्या दलदलीत नेऊन टाकायची, हा १९६०-७० च्या दशकांतला शिरस्ता होता. मालवणी त्यातूनच वाढली. पत्ता आजही ‘गेट नंबर सात’, ‘गेट नंबर आठ’ असाच सांगतात. १९८५ नंतर जागतिक बँकेच्या कर्जातून झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात चारकोप, गोराई व मालवणी इथे म्हाडाने आखीव भूखंड दिले. ते उत्पन्नगट पाहून दिले गेले. म्हणजे शेजारी कोण येणार हे आधी पालिकेच्या हातोड्याने आणि नंतर ऐपतीने ठरवले. आरोप करणाऱ्यांच्या भाषणांत हा भाग येत नाही, आणि त्याशिवाय मालवणी समजत नाही.

दंगली आणि स्थलांतर : डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ च्या मुंबई दंगलींत श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसे मारली गेली. त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. ४५ जणांची ओळख पटली नाही आणि ५ इतर होते. आयोग जानेवारी १९९३ मध्ये नेमला गेला. जानेवारी १९९६ मध्ये शिवसेना-भाजप सरकारने तो गुंडाळला, त्याच वर्षी मे महिन्यात पुन्हा सुरू केला. अहवाल १९९८ च्या फेब्रुवारीत हाती आला. दंगलींनंतर मिश्र चाळी सोडून मुसलमान कुटुंबे मुंब्रा, मीरा रोड आणि मालवणीकडे सरकली. हिंदू कुटुंबेही आपल्या माणसांजवळ गेली. भीतीने एकवटलेल्या वस्तीकडे बोट दाखवून ‘हे लोक मिसळत नाहीत’ म्हणणे हा कार्यकारणाचा उलटा वाचलेला क्रम आहे. घर देताना आडनाव विचारणाऱ्या सोसायट्यांचा या चर्चेत उल्लेखही होत नाही.

‘बांगलादेशी’ हा शिक्का : जुलै १९९८ मध्ये मुंबई पोलीस बंगाली बोलणाऱ्या जरीकामगारांना बांगलादेशी ठरवून रेल्वेने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालच्या उलुबेडिया स्थानकावर लोकांनी गाडी अडवून त्यांना सोडवले, कारण ते कामगार आपल्याच राज्यातले असल्याचे लोकांचे म्हणणे होते. जून २०२५ मध्ये मीरा रोडहून पकडलेले बंगाली मजूर सीमेपार ढकलले गेले. भारतीय असल्याचे दिसल्यावर त्यांना परत आणावे लागले. मालवणीत हाच शिक्का आजही वापरात आहे.

कैराना : जून २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातल्या कैरानाचे खासदार हुकुम सिंग यांनी गाव सोडलेल्या ३४६ हिंदू कुटुंबांची यादी दिली. काही दिवसांतच प्रश्न हिंदू-मुसलमानांचा नसून कायदा-सुव्यवस्थेचा आहे, असे त्यांनीच सांगितले. मालवणीच्या आरोपाचा साचा हाच.

टिपू सुलतान मैदान : मालवणीतल्या या मैदानाच्या नावावरून जानेवारी २०२२ मध्ये आंदोलन, वर्षभराने नाव हटवण्याचा आदेश.

रामनवमी : ३० मार्च २०२३ रोजी मालवणीत मिरवणुकीच्या वेळी चकमक, गुन्हे दाखल.

मूल्यमापन : दमदाटीने कुणाची खोली बळकावली गेली असेल तर तो गुन्हा आहे. तो नावानिशी नोंदवला जावा आणि तपासला जावा; करणाऱ्याचा धर्म पाहून सूट मिळू नये. पण मालवणीतली खोली विकून नालासोपारा-विरारला ऐसपैस घर घेणारी माणसे सर्व धर्मांत आहेत, आणि त्या प्रत्येक विक्रीला पलायन म्हणणे खोटे आहे. मालवणीत माणसे मेली ती कशाने, हेही पाहावे. जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक बळी घेतले. ९ जून २०२१ च्या रात्री, विधानसभेतल्या त्या भाषणानंतर तीन महिन्यांनी, इमारत कोसळून १२ जण गेले. त्यांत बहुतेक लहान मुले होती. या मरणांना कुणी ‘पॅटर्न’ म्हटले नाही.

आकडेवारी : २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात मुसलमानांचे प्रमाण सुमारे १९ टक्के होते. वस्तीवार धर्मनिहाय आकडे जनगणना प्रसिद्ध करत नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे.