कचेरीतील लेखनवेग आणि वाचकाचे श्रम : बावड्याच्या अमात्यांपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने कचेरीतील कामाची उत्पादकता किती वाढेल, याची चर्चा सांप्रत सर्वत्र चालू आहे. या चर्चेत एक गोष्ट बहुधा गृहीत धरली जाते. ती अशी की, लिहिणाऱ्याचा जो वेळ वाचला, तो एकंदर कामातूनच वजा झाला. मराठी दप्तराचा इतिहास पाहता हे गृहीत तपासून घेणे अवश्य वाटते. त्यासाठी गगनबावड्याइतके उचित स्थळ क्वचितच सापडेल. कोकणात उतरणाऱ्या करूळ व भुईबावडा या घाटांच्या माथ्यावरील हे गाव कोल्हापूर संस्थानातील पंत अमात्यांच्या जहागिरीचे ठाणे होते. रामचंद्र नीलकंठ अमात्य हे बावडेकर म्हणून ओळखले जातात ते या संबंधामुळेच. १७१५ सालचे ‘आज्ञापत्र’ त्यांच्याच नावे प्रसिद्ध आहे.

अमात्यपद हे मुख्यतः हिशेबाचे पद होय. राज्याभिषेकाच्या वेळचा, म्हणजे १६७४ सालचा, म्हणून जो कानूजाबता उपलब्ध आहे, त्यात अमात्याने सर्व राज्याचा जमाखर्च पाहावा आणि फडणिशी व चिटणिशी पत्रांवर आपले निशाण करावे, असे सांगितले आहे. सचिवाकडे राजपत्रे तपासण्याचे आणि त्यांतील अधिकउणी अक्षरे शुद्ध करण्याचे काम होते. म्हणजे पत्र लिहिणारा एक, ते शोधणारा दुसरा आणि त्यावर खूण करणारा तिसरा, अशी ही व्यवस्था होती. पत्राच्या अखेरीस मोर्तब उमटे, ते त्यापुढे कोणास एक अक्षरही वाढविता येऊ नये म्हणून. ‘रुजू’ हा शब्द याच परिसरातला. कागद तपासून पाहिला आणि तो बरोबर ठरला, एवढा अर्थ त्या दोन अक्षरांत सामावलेला आहे.

एवढी खबरदारी का घ्यावी लागली, याचे एक कारण लिपीत आहे. मोडी ही घाईची लिपी. ओळीवर प्रथम शिरोरेषा ओढून घ्यावयाची व मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर लिहीत जावयाचे, ही तिची रीत. तिच्यात इकार-उकारांचा ऱ्हस्वदीर्घ भेद पाळला जात नाही, आणि दोन शब्दांमध्ये जागाही सोडली जात नाही. शिवाय नित्याच्या शब्दांची संक्षिप्त रूपे करण्याचा प्रघात होता. लेखकाचा वेग या सर्वांमुळे वाढला. परंतु जो भेद लेखकाने कागदावर दाखविला नाही, तो वाचकाला आपल्या मनाने पुरवावा लागला. उदाहरणादाखल ‘गावनदिला’ ही अक्षरे घेऊ. ‘गाव न दिला’ असेही ती वाचता येतील आणि ‘गाव नदीला’ असेही. ‘सुत’ म्हणजे पुत्र की ‘सूत’ म्हणजे धागा, हे केवळ संदर्भावरूनच ठरावयाचे.

असे असूनही शतकानुशतके हे दप्तर सुरळीत चालले, याचे श्रेय एकट्या लिपीला देता येणार नाही. पत्राचा मायना ठरलेला, कलमांचा क्रम ठरलेला, आणि लिहिणारा व वाचणारा एकाच शिस्तीत तयार झालेले. पुढील शब्द कोणता येणार, हे वाचकाला बव्हंशी आधीच ठाऊक असे. रघुनाथपंत हणमंते यांच्याशी निगडित असलेल्या ‘राजव्यवहारकोशा’चा उद्देश मुख्यतः फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा असला, तरी कारभाराची परिभाषा निश्चित असावी ही जाणीव त्यातही दिसून येते. सारांश, मोडीचा वेग हा सुशिक्षित वाचकवर्गाच्या भरवशावर काढलेली उचल होती, असे म्हणावयास हरकत नाही.

हा वाचकवर्ग ओसरला तेव्हा त्या उचलीची फेड सुरू झाली. विल्यम कॅरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये मोडी खिळ्यांनी छापला गेला होता. परंतु पुढे मुद्रणात बाळबोध लिपीच रूढ झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून व कचेऱ्यांतूनही गेली. दप्तरे मात्र राहिली. त्यांचे मोल २०२३ साली सर्वांच्या ध्यानात आले. कुणबी नोंदींच्या शोधासाठी राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, जुनी दप्तरे उघडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांची उणीव जिल्ह्याजिल्ह्यांत भासू लागली. एका नोंदीच्या वाचनावर एखाद्या कुटुंबाचा दाखला अवलंबून असावा, अशी ही स्थिती होती. जुन्या कारकुनाने वाचविलेला क्षण अर्जदाराला असा दिवसांच्या हिशेबाने भरून द्यावा लागला.

आता हे वाचन यंत्राकडे सोपविण्याचा प्रयत्न चालू आहे. युनिकोडमध्ये मोडीचा समावेश २०१४ साली झाला. २०२५ साली आयआयटी रुडकीतील संशोधकांनी दोन हजारांहून अधिक मोडी लेखचित्रे व त्यांची देवनागरी लिप्यंतरे यांचा संग्रह सिद्ध करून, त्यावर यंत्राला वाचन शिकविण्याचे काम पुढे आणले. हे काम स्वागतार्ह आहे. परंतु येथे पूर्वीच्या व्यवहाराची बाजू नेमकी उलटते. मोडीत संदिग्धता डोळ्यांना दिसे. अक्षर दुर्बोध आहे, हे वाचक जाणून असे, आणि चोख लिप्यंतरकार संशयित शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालतो. यंत्र मात्र संभाव्यतेच्या आधारे एक वाचन निवडून ते स्वच्छ देवनागरीत मांडते. ‘गाव न दिला’ की ‘गाव नदीला’, हा संशय त्या स्वच्छ ओळीत सहसा उरत नाही. चूक सुवाच्य झाली की ती शोधणे अधिक कठीण होते.

यावरून कामाच्या मोजमापाविषयी एक निष्कर्ष निघतो. दिवसाकाठी किती पृष्ठे लिप्यंतरित झाली, हा आकडा उत्पादकतेचे माप म्हणून अपुरा आहे. किती पृष्ठे रुजू झाली, हे पाहिले पाहिजे. कागदांची वर्गवारी, सूची, नावांचा प्राथमिक शोध ही कामे यंत्राने अवश्य करावीत. त्यात चूक झाली तरी मूळ कागद हाताशी असतो. परंतु ज्या वाचनावर कोणाचा हक्क ठरावयाचा आहे, त्यावर मूळ पाहून निशाण करणारा जाणता माणूस हवाच, आणि त्याचे नाव कागदावर हवे. यंत्र आले म्हणून मोडीचे वर्ग बंद करणे हे त्यामुळे काटकसरीचे ठरणार नाही. तपासणारेच उरले नाहीत, तर यंत्राने दिलेला वेग हीही एक उचलच ठरेल, आणि तिची फेड पुढील पिढीतील अर्जदारांना करावी लागेल.